टाचणात मूल कुठे आहे?

वाचकाचं पत्र

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात, अनुदानित शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. नोकरीला नऊ वर्षं झाली. यंदा मुख्याध्यापकांनी सहावी, सातवी आणि आठवी या तिन्ही इयत्तांच्या मराठीचं वार्षिक नियोजन, म्हणजे टाचण, त्यांच्यावर सोपवलं आहे आणि शाळा उघडायच्या आत ते द्यायचं आहे. त्यांच्या सातवीच्या वर्गात 48 मुलं होती. त्यांतल्या अकरा जणांना अजून सलग वाचता येत नाही, तर चार-पाच मुली गावच्या वाचनालयातून जाडजूड कादंबऱ्या आणून वाचतात. पालकांना व्याकरण आणि शुद्धलेखन जास्त हवं आहे. विषयाचे वरिष्ठ सर म्हणतात, ‘मागच्या वर्षीचं टाचण काढा आणि तारखा बदला.’ ताईंचा प्रश्न असा: पहिले दोन महिने पुस्तक बाजूला ठेवून सगळ्यांचा पाया पक्का करून घ्यावा का? तसं केलं तर अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार? आणि काही वेगळं करायचं तर ते बसवायचं कुठे?

पत्राच्या शेवटी त्यांनी एक प्रसंग लिहिला आहे. सातवीतल्या एका मुलाने ‘माझे बाबा’ या निबंधात लिहिलं होतं: ‘बाबाले कापसाचा भाव इचारला तं ते काहीच नाही बोल्ले. मंग मी बी गप बसलो.’ ताईंनी लाल पेनाने सहा शब्दांना गोल केले. त्यानंतर तो मुलगा वर्षभर गाइडातलंच उतरवून देत राहिला. ‘माझं चुकलं का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे, पण मी अडकले ती शेवटच्या परिच्छेदावर. त्या मुलाची दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. कापसाला भाव काय मिळाला हे त्याने लिहिलेलंच नाही, तरी आपल्याला कळलं. त्या संध्याकाळी घरात काय होतं ते कळलं. बापाचं गप्प राहणं मुलाने कसं ओळखलं आणि तोही कसा गप्प झाला, तेही कळलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एवढं सांगायला दोन वाक्यं पुरली. बाकीच्या वह्यांमध्ये ‘माझे बाबा खूप कष्टाळू आहेत व ते मला फार आवडतात’ असंच असणार, हे मी न पाहता सांगू शकते, कारण अशा हजारो वह्या मी तपासल्या आहेत.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, त्या वेळी चुकलं. पण ती एकट्या तुमची चूक नाही. वही तपासायची म्हणजे चुका शोधायच्या, हेच आपल्याला आपल्या गुरुजींनी दाखवलं आणि पुढे अध्यापक विद्यालयातही कोणी वेगळं सांगितलं नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही हेच केलं. एका मुलीने आजीच्या मरणाबद्दल लिहिलं होतं आणि मी खाली शेरा दिला होता: ‘अनुस्वाराकडे लक्ष दे.’ तिचा चेहरा मला अजून आठवतो. तुमची चूक मात्र अजून दुरुस्त होण्यासारखी आहे, कारण तो मुलगा जूनमध्ये आठवीत तुमच्यासमोरच बसणार आहे. ते कसं करायचं, ते शेवटी सांगते. आधी नियोजन, कारण या प्रसंगाचं मूळ मला तुमच्या नियोजनातच दिसतं.

मागच्या वर्षीच्या टाचणाची एक प्रत तुम्ही सोबत जोडली आहे. महिना, घटक, तासिका, उद्दिष्टे, साहित्य असे त्यात रकाने आहेत. अध्यापनाच्या रकान्यात लिहिलं आहे: पाठाचे प्रकट वाचन करणे, आशय समजावून देणे, नवीन शब्दांचे अर्थ सांगणे, स्वाध्याय सोडवून घेणे. ही सगळी क्रियापदं कोणाची आहेत ते पाहा. वाचणार तुम्ही, समजावणार तुम्ही, अर्थ सांगणार तुम्ही. मुलाच्या वाट्याला ऐकणं आणि उतरवणं येतं. तुम्ही विचारलं आहे की काही वेगळं बसवायचं कुठे. माझ्या मते वेगळा उपक्रम शोधायच्या आधी एक रकाना वाढवा, ‘मूल काय करणार’ असा. त्यात प्रत्येक ओळीत मुलाचं क्रियापद आलं पाहिजे: वाचेल, विचारेल, सांगेल, लिहील, बदलून लिहील. जिथे ते सुचत नाही, तिथे त्या तासाला भाषा शिकवली जात नाही असं समजा.

एक साधा हिशेब करून पाहा. आठवड्याला मराठीच्या सहा तासिका, प्रत्येकी 35 मिनिटांच्या, म्हणजे 210 मिनिटं. वर्गात 48 मुलं. तुम्ही आठवडाभर एक शब्द बोलला नाहीत आणि मुलं एकामागून एक बोलली, तरी एकेकाच्या वाट्याला साडेचार मिनिटंही येत नाहीत. तुम्ही निम्मा वेळ बोललात तर दोन. आठवड्याला दोन मिनिटं बोलून कोणाचीच भाषा वाढत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, पण तुमच्यासमोर 48 आहेत हे वास्तव आहे. म्हणून एकाने वाचायचं आणि सत्तेचाळीस जणांनी बोट ठेवून बसायचं, ही पद्धत आता सोडावी लागेल. जोड्या लावा. चोवीस जोड्या एकाच वेळी पाच मिनिटं एकमेकांना वाचून दाखवतील, तर प्रत्येकाला रोज अडीच मिनिटं मोठ्याने वाचायला मिळतात. गलका होईल. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना आणि मुख्याध्यापकांना तो कशाचा गलका आहे हे आधीच सांगून ठेवा.

आता ‘आधी पाया, मग बाकी’ या विचाराकडे येते. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि बऱ्याच शाळांमध्ये तो चालतो. पण त्यातून घडतं काय? जी अकरा मुलं वाचण्यात मागे आहेत, त्यांना दोन महिने बाराखडी, जोडाक्षरं आणि श्रुतलेखन मिळतं, आणि गोष्ट, कविता, चर्चा हे सगळं ‘पाया पक्का’ असलेल्यांच्या वाट्याला जातं. ज्याला वाचायचा कंटाळा आहे, त्याच्यापुढून वाचण्याजोगं सगळं काढून घेतल्यासारखं हे होतं. शिवाय सातवीतला मुलगा तेरा वर्षांचा असतो. त्याच्यासमोर ‘कमळ बघ’ ठेवलं तर तो मान खाली घालतो, आणि ते साहजिक आहे.

ती अकरा मुलं एकाच आजाराची नाहीत, हेही मला खात्रीने वाटतं. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात रोज आठ मुलांना एकेक मिनिट जवळ बसवून वाचायला लावा. सहा दिवसांत 48 होतात. एका कागदावर फक्त एवढंच टिपा: नेमकं कुठे अडलं? एखाद्याला ‘र’ची रूपं घोळात टाकतात. प्रकाश, सूर्य, राष्ट्र, दुसऱ्या या चार शब्दांत एकच ‘र’ चार वेश घेऊन येतो, आणि हे त्याला कोणी कधी शेजारी शेजारी मांडून दाखवलेलं नसतं. त्याला गावातल्या दुकानांच्या पाट्यांवरून असे शब्द गोळा करून आणायला सांगा, पंधरा दिवसांत फरक दिसेल. दुसऱ्या एखादीला अक्षरं सगळी येतात पण ती ‘शेतकरी’ चार तुकड्यांत वाचते. तिला नवा उतारा देऊ नका. एकच सहा ओळींचा उतारा चार दिवस वाचू द्या, जोडीदाराला ऐकवू द्या. चौथ्या दिवशी ती तोच उतारा बोलल्यासारखा वाचेल आणि आपण वाचू शकतो हे तिच्या कानांना पहिल्यांदा कळेल. तिसरा असा असतो की खडाखडा वाचतो, आणि काय वाचलं विचारलं की गप्प. तो तुमच्या अकरांत बहुधा नाहीच, कारण त्याचं वाचन ‘चांगलं’ समजलं जातं. त्याला प्रत्येक परिच्छेदानंतर पुस्तक पालथं घालून सांगायची सवय लावावी लागते. हे सगळं पहिल्या पंधरा मिनिटांत, आठवड्यातून तीनदा, वर्षभर चालू द्या. दोन महिन्यांचा वेगळा वर्ग नको. उरलेल्या तासाला ती मुलंही इतरांबरोबर गोष्टीत, चर्चेत असली पाहिजेत. तुम्ही वाचून दाखवलेली गोष्ट समजायला आणि तिच्यावर भांडायला जोडाक्षरं यावी लागत नाहीत.

पुस्तक पूर्ण करण्याची धास्ती मला समजते. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळा पाहणारे अधिकारी, आले की पहिला प्रश्न ‘कितवा पाठ?’ असाच असतो. पण सगळ्या पाठांना सारख्या तासिका वाटल्या पाहिजेत, असं कुठल्या शासन निर्णयात लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. बालभारतीचं पुस्तक हातात घ्या, अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय काय यायला हवं ते, वाचा, आणि दर सत्रात चार पाठ निवडा ज्यांवर तुम्ही आठ-आठ तासिका मुक्काम करणार. बाकीचे दोन-तीन तासिकांत, काही तर मुलांनी जोडीने वाचून प्रश्न काढायचे एवढ्यावर सोडा. निवडताना ‘सोपा कोणता’ असं पाहू नका. कुठल्या पाठावर तुमच्या गावची मुलं काहीतरी बोलतील, असं पाहा. शेती, पाणी, प्रवास, आजी-आजोबा, यंत्र, अन्याय यांपैकी काहीतरी प्रत्येक पुस्तकात असतंच.

तासिका वाटायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा. कायद्याने उच्च प्राथमिकला, म्हणजे सहावी ते आठवीला, 220 दिवस धरले आहेत, म्हणजे कागदावर 36 आठवड्यांहून थोडे जास्त. त्यातून घटक चाचण्या, सहामाही, वार्षिक, गणपती-नवरात्रातली उपस्थिती, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलनाची तालीम, प्रशिक्षणं आणि निवडणुकीची कामं पेन्सिलने खोडा. तुमच्याकडे शाळा मुळातच जूनअखेर भरते. सोयाबीन निघायच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कोण कोण येत नाही, ते तुम्हाला हजेरीवरून ठाऊक आहे, तेही लिहा. माझ्या हाती नेहमी सव्वीस-सत्तावीस आठवडे उरायचे. तुमचंही त्याच आसपास येईल. नियोजन त्या आठवड्यांचं करा. छत्तीसचं केलं की ऑगस्टमध्येच मागे पडल्याची भावना येते आणि मग घाईत पहिला बळी जातो तो मुलांच्या बोलण्याचा.

शुद्धलेखन. पालकांचा आग्रह चुकीचा नाही. त्या मुलाला उद्या अर्ज लिहायचा आहे, परीक्षा द्यायची आहे, आणि प्रमाण मराठी लिहिता न आल्यामुळे त्याला कोणी मागे सारू नये, ही आपलीच जबाबदारी आहे. पण लाल गोलांनी प्रमाण भाषा येत नाही. त्याने लिहिलेल्या वाक्याकडे आता शिक्षक म्हणून पुन्हा पाहा. तुम्ही सहा शब्द गोल केलेत: बाबाले, इचारला, तं, बोल्ले, मंग, बी. एक शब्द सुटला, कारण तो बरोबर होता: कापसाचा. मूळ शब्द ‘कापूस’. ‘चा’ लागताना मधला ‘पू’ जाऊन तिथे ‘प’ झाला. हे त्याला कोणी शिकवलं? माणूस–माणसाला, लाकूड–लाकडाचं, पाऊस–पावसात, हे सगळं त्याला घरी बोलताना येतं. मराठीच्या व्याकरणाचा एक अवघड नियम हा मुलगा वापरतो आहे आणि आपण त्याला सांगतो आहोत की तुला मराठी येत नाही.

इथूनच तास सुरू करता येतो. फळ्यावर लिहा: फूल – फुलाला, मूल – मुलाला, दूध – दुधाला, गरीब – गरिबाला, जमीन – जमिनीला. नियम सांगू नका. ‘काय बदललं?’ एवढंच विचारा आणि थांबा. हे थांबणंच अवघड असतं. कोणीतरी मागून म्हणेल, ‘लांब होतं ते आखूड झालं.’ मग विचारा, घरी तुम्ही ‘फुलाला’ म्हणता की ‘फुलाले’? सगळे हसतील आणि म्हणतील ‘फुलाले’. ‘ले’ लावल्यावरही ‘फू’चा ‘फु’ होतो की नाही, हे त्यांनाच म्हणून पाहू द्या. होतो. म्हणजे नियम वऱ्हाडीतही तोच आहे, प्रत्यय तेवढा निराळा. ज्या मुलाला हे एकदा दिसलं, त्याच्यासाठी प्रमाण मराठी ही परक्याची भाषा उरत नाही. दुसऱ्या दिवशी शरीर – शरीराला, गीत – गीताला लिहा आणि कालचा नियम का मोडला ते शोधायला लावा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे वागतात, हे तेच शोधून काढतील.

आपल्या लेखनाचे नियम 18 आहेत, 1962 मध्ये आलेले चौदा आणि 1972 मध्ये भर पडलेले चार. ते तीन वर्षांत वाटा. सहावीला शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आणि त्याच्या आधीचा, सातवीला सामान्यरूपं (प्रत्यय लागताना होणारी शब्दाची रूपं) आणि अनेकवचनाचा अनुस्वार, आठवीला संस्कृत शब्दांचं वागणं. महिन्याला एकच नियम घ्या आणि त्या महिन्यात वहीत तेवढीच चूक दाखवा. बाकीच्या दिसल्या तरी हात आवरा.

बोलीबद्दल अजून थोडं लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. गाडगेबाबा तुमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांची कीर्तनं वऱ्हाडीत व्हायची, समोर बसलेल्यांना प्रश्न विचारत विचारत पुढे जायची, आणि मोठमोठे विद्वान ती ऐकायला खाली बसायचे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या कविता घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यानंतर, 1952 मध्ये, त्या पुस्तकरूपात आल्या, खानदेशातल्या त्यांच्या घरच्या बोलीत. आपण वर्गात ही नावं आदराने घेतो आणि त्याच तासाला मुलाच्या ‘बाबाले’वर गोल काढतो. मुलांना ही विसंगती दिसते, फक्त ती बोलत नाहीत. तेव्हा वर्गाचा नियम असा ठेवा: पहिला खर्डा कोणत्याही बोलीत चालेल. संवाद, आठवण, आजीचं म्हणणं हे पक्क्या लेखनातही बोलीतच राहील. अर्ज, पत्र, बातमी, माहिती ही प्रमाण मराठीत येईल. कुठे कोणती भाषा आणि का, हे मुलांना ठरवायला लावलं तर त्या चर्चेतच अर्धं व्याकरण येऊन जातं.

लेखनाचं बोलायचं तर, मुलं गाइडातून उतरवतात कारण आपण त्यांना ज्याला वाचकच नाही असं लिहायला सांगतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध कोणासाठी असतो? तुमच्यासाठी, तेही गुण देण्यापुरता. शाळेच्या रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला खरं पत्र लिहायला लावा, पोहोच घेऊन या, उत्तर आलं तर ते वर्गात वाचा. गावात पूर्वी कोणकोणती वाणं पेरायचे, हे आजोबांना विचारून मुलाखत लिहू द्या. तिन्ही वर्गांचं मिळून वर्षाला एक हस्तलिखित काढा. ही आपल्या शाळांची जुनी, सुंदर प्रथा आहे आणि ती का मागे पडली हे मला कळत नाही.

प्रत्येक इयत्तेचा एक मुख्य लेखनप्रकार ठरवला की तीन वर्षांची शिडी आपोआप उभी राहते. सहावीत पाहिलेलं आणि घडलेलं सांगायचं. सातवीत दुसऱ्याला विचारून, माहिती जमवून मांडायची. आठवीत मत द्यायचं आणि त्याला कारणं द्यायची. या वयाची मुलं घरी वाद घालायला लागलेली असतात, आई-वडील त्याने वैतागतात, आपण मात्र त्याचा उपयोग करून घ्यावा. तोच विषय तीन वर्षं चालू शकतो. सहावीत ‘आमचा बाजार’, सातवीत बाजारातल्या एका विक्रेत्याची मुलाखत, आठवीत ‘बाजार गावाबाहेर हलवावा का’. वरिष्ठ सरांना हे पटवताना पूर्ण बदल मागू नका. त्यांच्या वर्गात फक्त शनिवारची एक तासिका गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायला मागा. बहुतेक जुन्या सरांचा आवाज फार चांगला असतो आणि त्यांना वाचून दाखवायला आवडतं. बाकीचं त्यांना तुमच्या वर्गातून ऐकू येईल.

48 वह्यांचं काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल आणि तो रास्त आहे. रोज आठच तपासा. आठवड्यात एकदा प्रत्येक वहीला तुमचा हात लागतो. प्रत्येकीत तीनच गोष्टी: जे आवडलं त्या एका ओळीखाली रेघ, या महिन्याच्या नियमाची चूक, आणि शेवटी एक प्रश्न. ‘छान’, ‘प्रयत्न कर’ असले शेरे लिहू नका. प्रश्न असा हवा की मुलाला उत्तर द्यावंसं वाटेल.

गुणांची भीती कमी व्हावी म्हणून एक लक्षात आणून देते. 2010 पासून आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला निम्मे गुण आकारिक, म्हणजे वर्षभराच्या वर्गकामाचे आहेत, सातवी-आठवीला चाळीस टक्के. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, पुस्तकासह चाचणी, स्वाध्याय ही सगळी साधनं तुमच्याच हातात आहेत. बहुतेक शाळांमध्ये हे गुण मार्चमध्ये एका बैठकीत भरले जातात. ते खऱ्या मुलाखतीला, खऱ्या पत्राला, जोडीतल्या वाचनाला द्या, म्हणजे ‘हे परीक्षेला आहे का?’ या प्रश्नाला तुमच्याकडे ‘हो’ असं उत्तर असेल. आठवीला आता वार्षिक परीक्षेचं महत्त्व वाढलं आहे, तिथे फेब्रुवारीपासून प्रश्नपत्रिकेचा सराव वेगळा ठेवा. वर्षभर मात्र त्या सरावाला मराठी समजू नका. आणि पालकांना सभेत समजावून सांगण्यापेक्षा जूनची आणि दिवाळीआधीची वही शेजारी शेजारी उघडून दाखवा.

पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असेल, असं मी गृहीत धरते. पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार, ही भीती खरी आहे. मुख्याध्यापकांकडून चाळीस-पन्नास पुस्तकं ‘वापरात जीर्ण होणार’ असं लेखी मान्य करून घ्या आणि ती वर्गात दोरीवर टांगा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आहे, त्याचे जुने अंक शाळेत कुठेतरी गठ्ठ्यात पडलेले असतात. ते सोडवा. कादंबऱ्या वाचणाऱ्या त्या चार-पाच जणींना कपाटाची जबाबदारी द्या, कुणाला कोणतं पुस्तक आवडेल हे त्या तुमच्याआधी ओळखतील.

हे उत्तर इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठी शिकवणाऱ्या काही जणीही वाचत असतील. 2020 च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी आलं, पण आठवड्याला तीन-चार तासिका आणि घरी मराठी नसलेली मुलं, अशी तुमची स्थिती आहे. तुमच्यासाठी क्रम थोडा बदलतो: ऐकणं आणि बोलणं पहिल्या सत्रात बरंच जास्त, लेखन कमी. ‘मूल काय करणार’ हा रकाना तुम्हालाही तितकाच लागेल. आणि ‘माझी मदत कर’ म्हणणाऱ्या मुलाला हसू नका. तो हिंदीतलं मराठीत आणतो आहे, म्हणजे बोलायचा प्रयत्न करतो आहे. तुम्ही ‘तुला मदत करू का?’ असं विचारा, तो ऐकेल.

आता तो मुलगा. ताई, सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागू नका, तो आणखी आत जाईल. मागची वही त्याच्याकडे असेल तर ‘हस्तलिखितासाठी एक मजकूर हवाय’ म्हणून मागून घ्या. ती दोन वाक्यं कोऱ्या कागदावर तुमच्या हाताने जशीच्या तशी उतरवा, ‘बाबाले’ आणि ‘मंग’सकट. खाली निळ्या पेनाने लिहा: ‘मंग काय झालं?’ कागद त्याच्या हातात द्या आणि उत्तराची घाई करू नका. आठवडा जाईल, कदाचित महिना. त्याने लिहून दिलं तर पेन्सिलसुद्धा हातात न घेता वाचा. आणि तो तयार असेल तर त्याचं नाव न घालता मलाही कळवा.